जुनी स्पोर्ट्स कार, मोजकं बजेट: घेण्याआधी काय काय तपासायचं?

चौथा_गिअर

पंधरा-पंचवीस वर्षं जुन्या पोर्शे बॉक्सटर, माझ्दा आरएक्स-८, ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू ई४६ एम३ आता साध्या नव्या हॅचबॅकच्या भावात दिसायला लागल्यात. 'घेऊ का?' हा प्रश्न इतर धाग्यांत दर थोड्या दिवसांनी येतो आणि उत्तरं तिथेच विरून जातात. म्हणून हा वेगळा धागा. ज्यांनी या गाड्या उघडल्यात त्यांनी नेमकं लिहा.

सुरुवात पैशापासून करतो. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते. पार्ट्सची आणि मजुरीची उतरत नाही. नवी असताना महागड्या वर्गात असलेल्या गाडीच्या ब्रेक डिस्क, शॉक अॅब्सॉर्बर, हेडलाइट आजही त्याच वर्गाच्या भावात येतात. तेव्हा हातात शंभर असतील तर गाडी सत्तरच्या आतली बघायची. उरलेले तीस पहिल्या वर्षातच जातात, आणि तेही काही मोठं मोडलं नाही तर: सगळी ऑइलं, कूलंट, ब्रेक फ्लुइड, बेल्ट आणि टेन्शनर, बॅटरी, चार टायर, सस्पेन्शनचे बुश. आधीच्या मालकाने हीच कामं पुढे ढकललेली असतात. बऱ्याचदा गाडी विकायला काढण्याचं खरं कारण तेच.

दुसरं म्हणजे कागद. सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांवर जाऊ नका, बिलं मागा. बिलावर तारीख, किलोमीटर आणि लावलेल्या पार्ट्सची यादी असते. बिलं तारखेने लावून किलोमीटरचे आकडे वाचले की मीटर मागे फिरवलाय का तेही उघड होतं. 'क्लच नवीन आहे' म्हणतात आणि बिलात फक्त क्लच प्लेट निघते. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हील सगळं जुनं. गिअरबॉक्स परत उतरवायची मजुरी मग तुमच्या माथी.

तेलकट_हात

इंजिनाबद्दल लिहितो. पहिला नियम: गाडी थंड असतानाच बघायची. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की सकाळपासून चालू करू नका. पोचल्यावर बॉनेट उघडून हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवा. कोमट लागलं तर 'तुमची वाट बघत होतो, जरा गरम करून ठेवली' असं उत्तर येईल. मग दुसऱ्या दिवशी परत जा किंवा नाद सोडा. चेन टेन्शनरचा खडखडाट, हायड्रॉलिक लिफ्टरची टिकटिक, व्हॉल्व्ह सीलमधून उतरलेल्या ऑइलचा निळा धूर, हे सगळं थंड स्टार्टच्या पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत दिसतं आणि नंतर झाकलं जातं.

चालू करण्याआधी तीन गोष्टी. डिपस्टिक काढा: पातळी आणि वास. पेट्रोलचा वास येत असेल तर मिश्रणात पेट्रोल फार जास्त आहे किंवा गाडी फक्त छोट्या फेऱ्यांना वापरलीय. ऑइल कॅपच्या आत पिवळट लोणी दिसलं की लगेच हेड गॅस्केट (हेडखालची पट्टी) गेली समजू नका, थंडीत छोट्या फेऱ्यांनीही ते जमतं. पण कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग असेल किंवा टाकीची भिंत तपकिरी चिकट झाली असेल तर ते गंभीर. तिसरी गोष्ट, कूलंटचा रंग. गंजकट पाणी दिसलं तर कुणीतरी बरीच वर्षं साधं पाणी भरत आलंय. रेडिएटर, वॉटर पंप आणि हीटर कोर तिन्ही संशयाच्या घेऱ्यात.

किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवली की ऑइल प्रेशर, चेक इंजिन, एअरबॅग, एबीएस हे चारही दिवे लागलेच पाहिजेत आणि नंतर एकेक विझले पाहिजेत. एखादा लागतच नसेल तर बल्ब काढलेला आहे किंवा वायर दुसऱ्या दिव्याला जोडलीय. चारही दिवे एकदमच विझले तर हा दुसरा प्रकार डोक्यात ठेवा.

मग गरम झाल्यावर: सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये वर ओढा, पाय पूर्ण काढा, गाडी इंजिनावर मंदावू द्या आणि परत अॅक्सिलरेटर दाबा. मागे कुणाला तरी दुसऱ्या गाडीत ठेवा. पाय काढल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड आणि सील, दाबताना आला तर पिस्टनच्या रिंगा. टर्बो गाडी दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवून मग रेस केल्यावर धुराचा लोट आला तर टर्बोचं सील.

कॉम्प्रेशन टेस्ट करायला विकणारा तयार नसेल तर गाडी सोडा. पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण अर्धे लोक थ्रॉटल बंद ठेवूनच आकडे घेतात. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन पंपाचा फ्यूज काढलेला, इग्निशनची ठिणगी बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा स्ट्रोक. साध्या पेट्रोल इंजिनाला १० ते १३ बार अपेक्षित, टर्बोला थोडं कमी. मुख्य म्हणजे सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. एक सिलिंडर कमी आलं तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

हवाबंद

तेलकट हात, सगळं मान्य, पण या वर्गाच्या गाड्यांना कॉम्प्रेशनपेक्षा लीकडाउन टेस्ट जास्त सांगते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणून प्लगच्या भोकातून साधारण ७ बार हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. १० टक्क्यांच्या आत उत्तम, २० च्या वर गेलं की इंजिन उघडायचा खर्च गृहीत धरा. हवा कुठून येते ते ऐकू येतं: थ्रॉटल बॉडीतून म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल कॅपमधून म्हणजे रिंगा, कूलंटच्या टाकीत बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट. आणि प्लग बाहेर आहेतच तर बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घाला. एवढ्या स्वस्त साधनातून एवढी माहिती दुसऱ्या कशातून मिळत नाही.

नवखा_चालक

धागा मस्त. एक शंका. वीस वर्षांची गाडी, फक्त ३८,००० किमी, एकच मालक, कायम कव्हरखाली. दुसरी तीच गाडी १,४०,००० किमी, तीन मालक, जाड फाइलभर बिलं. पहिली जवळपास दीडपट महाग आहे. पहिलीच घ्यायची ना?

तेलकट_हात

बिलं खरी असतील तर दुसरी.

चौथा_गिअर

तेलकट हात एका ओळीत संपवतात, मी जरा फोड करून सांगतो. रबर किलोमीटरवर मरत नाही, वर्षांवर मरतं. टायमिंग बेल्टला बहुतेक ठिकाणी किलोमीटर आणि वर्षं अशा दोन मर्यादा असतात आणि जी आधी येईल ती लागू. ३८,००० किमी चाललेला वीस वर्षांचा मूळ बेल्ट म्हणजे चालू करायच्या आधीच बदलायचा बेल्ट. ४, ५ वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत क्रँकचं सील सुकतं, ब्रेक कॅलिपरचे पिस्टन जाम होतात, इंजेक्टरमध्ये पेट्रोलचा डिंक जमतो, टाकी अर्धी रिकामी असेल तर आतून गंजते. यातलं काही उभ्या गाडीत दिसत नाही. पहिल्या दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये एकेक करून बाहेर येतं.

तरी पहिली गाडी सरसकट वाईट नाही. दर वर्षी ऑइल बदलल्याची बिलं असतील, दोन वर्षांनी ब्रेक फ्लुइड बदललं असेल, टायर नवे असतील तर बघण्यासारखी. फक्त कमी किलोमीटरसाठी दीडपट पैसे देऊ नका.

सपाट_सहा

बॉक्सटर आणि ९९६ (पोर्शे ९११ ची त्या काळची पिढी) वर सविस्तर लिहितो, कारण याच गाड्यांबद्दल सगळ्यात जास्त भीती आणि सगळ्यात जास्त अर्धवट माहिती फिरते.

त्यांच्या एम९६ इंजिनात क्रँक चेनने एक इंटरमीजिएट शाफ्ट फिरवतो आणि त्यावरून कॅमच्या चेन चालतात. शाफ्टच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आहे. आयएमएस म्हणतात ते हेच. कालांतराने सीलमधून इंजिन ऑइल आत शिरतं, मूळचं ग्रीस धुऊन जातं, आणि सील जागेवरच असल्यामुळे ताजं ऑइलही नीट फिरत नाही. बेअरिंग मोडलं की टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी ओळीचं बेअरिंग होतं, ते बऱ्यापैकी टिकतं. साधारण २००० ते २००५ मधलं एकेरी ओळीचं सगळ्यात नाजूक. त्यानंतर २००८ पर्यंत मोठं बेअरिंग आलं. ते मजबूत आहे, पण इंजिनाची केस फोडल्याशिवाय निघत नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. ९९६ टर्बो आणि जीटी३ ची इंजिनं वेगळ्या घराण्यातली, त्यांना हा रोग नाही.

घेण्याआधी तपासायचं ते असं. ऑइल फिल्टर काढा, कागद कापून उलगडा आणि चांगल्या उजेडात एकेक घडी बघा. तपकिरी प्लास्टिकचे कण दिसले तर ते चेनच्या गाइडचे. दखल घ्या, घाबरू नका. चकचकीत कण दिसले तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटले तर तिथून निघा. बेअरिंग बदलायची योग्य वेळ क्लचच्या कामाची, कारण गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील तेव्हा उतरलेलेच असतात. त्याच वेळी क्रँकचं मागचं सीलही टाकायचं. म्हणून क्लच संपत आलेली बॉक्सटर घासाघीस करून घेणं हा वाईट सौदा नाही. नुकताच क्लच टाकलेला पण बेअरिंगला हात न लावलेली गाडी जास्त महागात पडते.

बेअरिंगच्या चर्चेत सिलिंडरच्या भिंतीवरचे ओरखडे मागे पडतात, आणि माझ्या मते ३.४ लिटर आणि त्यावरच्या इंजिनांत तीच मोठी भीती आहे. लक्षणं: इंजिन गरम झाल्यावर एका बाजूने टकटक, ऑइल खाणं, आणि ९११ मध्ये एका बाजूच्या टेलपाइपला दुसऱ्यापेक्षा जाड काजळी. बोरस्कोपने बघितल्याशिवाय ९११ घेऊ नका. २.५ आणि २.७ च्या बॉक्सटरमध्ये हे बरंच कमी.

किरकोळ पण हमखास: पुढच्या बंपरमधल्या हवेच्या तोंडांत पाला साठतो आणि एसीचे कंडेन्सर कुजतात, मागच्या डिकीतली कूलंटची टाकी तडकते. थंड स्टार्टला थोडा धूर या सपाट इंजिनात चालतो. गाडी दिसेनाशी होईल एवढा पांढरा ढग आला तर एअर-ऑइल सेपरेटर (इंजिनातल्या हवेतून ऑइल वेगळं करणारा भाग) फाटलाय.

नवखा_चालक

छप्पर उघडणाऱ्या गाड्यांत वेगळं काही?

सपाट_सहा

पाण्याचा निचरा. बॉक्सटरमध्ये छपराच्या बाजूची ड्रेनची भोकं तुंबली की पाणी आत येतं आणि सीटखाली बसवलेलं इमोबिलायझरचं मॉड्यूल भिजतं. मग गाडी चालूच होत नाही. सीटखालच्या कार्पेटखाली हात घालून ओल बघा, वास घ्या. छप्पर दोनदा उघडून बंद करा, इंजिन चालू ठेवून.

त्रिकोणी_पिस्टन

आरएक्स-८ बद्दल कुणी काही बोलत नाही म्हणून मी.

ही गाडी स्वस्त का मिळते ते आधी समजून घ्या. हिच्या रेनेसिस रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी दोन त्रिकोणी रोटर, प्रत्येकाला तीन बाजू, म्हणजे कॉम्प्रेशनचे एकूण सहा आकडे. साधा कॉम्प्रेशन गेज लावला तर तो तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा धरून बसतो आणि मेलेली बाजू लपते. रोटरीचा वेगळा टेस्टरच हवा, आणि आकडे २५० आरपीएमला बदलून वाचायचे. ६८० किलोपास्कलच्या खाली एकही बाजू गेली तर इंजिन उघडायचं. कुणी साध्या गेजचा फोटो दाखवून 'कॉम्प्रेशन मस्त' म्हणालं तर त्या फोटोला किंमत शून्य.

टेस्टर नसेल तर गरम स्टार्ट. गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा, परत स्टार्टर मारा. चटकन लागली पाहिजे. चार-पाच सेकंद घरघर करत राहिली तर रोटरचे सील झिजलेत. पण स्टार्टर बदललाय का तेही विचारा, कारण जास्त वेगाने फिरणारा नवा स्टार्टर अशक्त इंजिनालाही लावून देतो.

चार इग्निशन कॉइल, चार प्लग. कॉइल अशक्त झाल्या की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो. मग एक्झॉस्ट तुंबतं, उष्णता वाढते, सील जातात. म्हणजे एका स्वस्त पार्टपायी इंजिन जातं. कॉइल कधी बदलल्या याचं बिल हवंच. हे इंजिन सीलना वंगण म्हणून मुद्दाम थोडं ऑइल जाळतं. 'ही अजिबात ऑइल खात नाही' असं विकणारा कौतुकाने म्हणाला तर ते ऑइल सोडणारा मीटरिंग पंप बंद पडलाय का ते बघा. आणि थंड इंजिन चालू करून फूटभर सरकवून लगेच बंद करायचं नाही, पेट्रोलने प्लग भिजतात आणि नंतर लागता लागत नाही.

पत्रा_ठोक

मेकॅनिकल काहीही दुरुस्त होतं, पत्रा कुजलेली गाडी नाही. आधी खाली वाका, मग बॉनेट उघडा.

माझ्दा एमएक्स-५, पहिल्या दोन पिढ्या (१९८९ ते २००५): छपराचे ड्रेन सीटच्या मागून खाली उतरतात आणि मागच्या चाकाच्या पुढे सिलमधून (दाराखालच्या पत्र्याच्या पट्ट्यातून) बाहेर पडतात. ते तुंबले की सिल आतून कुजतो. बाहेर फक्त दोन-तीन फोड दिसतात. फोडावर अंगठा जोरात दाबा. कुरकुरला तर आत पत्रा राहिलेला नाही. दुसऱ्या पिढीत पुढच्या चासी रेल दुहेरी पत्र्याच्या आहेत आणि मधल्या पोकळीत गंजतात. टॉर्च घेऊन खालून बघा. ताजं काळं अंडरकोटिंग फासलेलं असेल तर ते गंजावरच फासलंय असं धरून चाला.

ई४६ एम३: डिकीतलं कार्पेट आणि इन्सुलेशन काढा, मागच्या सबफ्रेमच्या (मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीच्या) चारही माउंटभोवती पत्रा खालून आणि वरून बघा. मागच्या अॅक्सलचा जोर तिथे येऊन पत्र्याला चिरा पडतात, स्पॉट वेल्ड सुटतात. दुरुस्ती म्हणजे सबफ्रेम उतरवून चिरा वेल्ड करून जाड प्लेटा लावणं. ते आधीच झालं असेल तर फोटो मागा. आणि फोटोत प्लेट नाही, नुसता वेल्डचा ओघळ दिसत असेल तर काम झालेलं नाही. याच गाडीचं इंजिन १०डब्ल्यू-६० ऑइल मागतं, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजतात, आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स ठरावीक अंतराने शिम (पातळ चकत्या) घालून लावावा लागतो. ते बिलात दिसतंय का बघा.

पेंटची जाडी मोजायचं यंत्र मिळवा. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन. २५०-३०० म्हणजे परत रंगवलेलं. ५०० च्या वर पुट्टी भरलेली. एका दरवाजाला परत रंग असेल तर हरकत नाही. छपराचे खांब आणि पुढच्या रेलवर आकडा वाढला तर मोठा अपघात. लक्षात ठेवा, अॅल्युमिनियमच्या पॅनेलला त्याला चालणारं यंत्र लागतं आणि लोटस एलिससारख्या फायबरच्या अंगावर ते काहीच सांगत नाही.

तेलकट_हात

+१. एलिसचा विषय निघालाच आहे तर, पहिल्या पिढीत रोव्हरचं के-सीरिज इंजिन आहे. हेड गॅस्केटचं नाव बदनाम आहे ते उगीच नाही. कूलंटच्या टाकीला गॅस टेस्टर लावा, निळं द्रावण पिवळं पडलं की सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय.

मोड_विरोधक

मोडिफाइड गाडीबद्दल माझं मत सोपं आहे: मूळ पार्ट सोबत मिळत नसतील तर बाजारभावापेक्षा कमी द्या. रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची बदललेली सेटिंग), मोठा टर्बो, कापलेल्या स्प्रिंगा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेलं एक्झॉस्ट, यांचे पैसे विकणाऱ्याने घातले म्हणून आपण का द्यायचे? उलट प्रत्येक बदलामागे एक प्रश्न येतो. टर्बोचा दाब वाढवला तर इंधन पंप आणि इंजेक्टर वाढवले का? नसतील तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून पिस्टन जळतो. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन) टाकले तर अलाइनमेंटचा छापील कागद कुठाय? आतल्या कडेने खाल्लेले टायर हेच सांगतात. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो, ते वेगळंच.

हवाबंद

इथे असहमत. ई४६ मधले सबफ्रेमचे रीइन्फोर्समेंट, अॅल्युमिनियमचा रेडिएटर, चांगल्या प्रतीचे बुश हेही मोडिफिकेशनच आहे आणि त्याला जास्त पैसे द्यायला हरकत नाही. प्रश्न वेग वाढवणाऱ्या बदलांचा आहे.

मोड_विरोधक

तेवढं मान्य.

चौथा_गिअर

ओबीडी स्कॅनरचं (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून दोष वाचायच्या यंत्राचं) राहिलं. चुकांचे कोड नाहीत एवढ्यावर समाधान मानू नका. 'रेडिनेस मॉनिटर' (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते दाखवणारं पान) उघडा. बरेचसे 'अपूर्ण' दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. सगळे पूर्ण व्हायला मिश्र रस्त्यावर बऱ्यापैकी चालवावं लागतं. मग लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय ते): शून्याच्या दोन्ही बाजूंना १० टक्क्यांच्या आत ठीक. +१५, +२० दिसलं तर कुठेतरी हवा गळतेय किंवा इंधन पंप थकलाय.

राइडमध्ये क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर एकदम पूर्ण अॅक्सिलरेटर. आरपीएम चढले आणि वेग तिथेच तर क्लच घसरतोय. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग. बंद करताना धडधड झाली तर ड्युअल मास फ्लायव्हील, आणि तो महाग असतो. होंडा एस२००० असेल तर थंड असताना पहिल्यावरून दुसऱ्यात टाकून बघा, सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणारी कडी) झिजला असेल तर कचकन आवाज येतो. टोयोटा एमआर-एस असेल, खासकरून सुरुवातीच्या वर्षांतली, तर ऑइल खाण्याबद्दल आणि प्री-कॅट (इंजिनाजवळचे छोटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेत का याबद्दल विचारा. ते आतून सुटून इंजिनात ओढले जातात.

बजेट कमी असेल तर बीएमडब्ल्यूच्या एसएमजीसारख्या ऑटोमेटेड मॅन्युअल गाड्या टाळा. हायड्रॉलिक पंप गेला की गिअरच पडत नाही.

नवखा_चालक

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न. टीटी क्वाट्रो बघतोय. पुढचे टायर नवे आहेत, मागचे वेगळ्या कंपनीचे, निम्मे झिजलेले. मालक म्हणतो मागचे अजून दोन वर्षं जातील. चालेल?

तेलकट_हात

नाही. चारही चाकं जोडलेल्या गाडीत पुढच्या-मागच्या टायरचा घेर वेगळा झाला की हॅल्डेक्सला (मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या क्लचला) सतत फरक जाणवत राहतो आणि तो झिजतो. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे हवेत, झिजही जवळपास सारखी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाच: २३१४ म्हणजे २०१४ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदलायचा. चार टायरची किंमत भावातून वजा कर. हॅल्डेक्सचं ऑइल साधारण ३०,००० किमीला आणि फिल्टर त्याच्या दुप्पट अंतराला बदलतात, त्याचं बिल माग. आणि टायमिंग बेल्टचं पण, ५ वर्षांच्या आतलं, वॉटर पंपासकट. त्या पंपाचा पंखा प्लास्टिकचा आहे आणि तो बेल्टच्याच मागे बसतो.